गावचा वाडा आणि त्याचे खरेदीखत

देशावरील कोणत्याही जुन्या गावात शिरावे, वेस ओलांडून मारुतीस नमस्कार करावा आणि आळीत दोन वळणे घ्यावीत, की एका घडीव दगडी जोत्यापाशी मनुष्य आपोआप थबकतो. समोर उंच दरवाजा, त्यावर लोखंडी फुल्या, दोन्ही बाजूंस देवड्या, वर गणेशपट्टी. मोठा दरवाजा बंद, आणि त्यातील दिंडीला कुलूप. अलीकडे या दारावर आणखी एक गोष्ट पहावयास मिळते. फळीवर ऑइलपेंटने 'वाडा विकणे आहे' अशी अक्षरे काढलेली असतात आणि खाली मोबाईलचा नंबर असतो. बऱ्याच ठिकाणी ही अक्षरे उन्हापावसाने फिकी पडून गेली, परंतु वाडा काही विकला गेला नाही. येणारा-जाणारा म्हणतो, एवढ्या जुन्या घराला गिऱ्हाईक कोठून मिळणार? वस्तुस्थिती बहुधा उलट असते. गिऱ्हाईक येऊन जाते, बैठकही होते, चहापाणीही होते. अडते ते सह्यांपाशी.

हे असे का होते, हे समजून घ्यावयाचे तर वाडा बांधला कसा गेला, चालला कशावर आणि रिकामा का झाला, हे आधी पाहिले पाहिजे.

जुनी माणसे वाड्याचे माप फुटात सांगत नसत, खणात सांगत. दोन खांबांमधील जागा म्हणजे एक खण. अमक्याचा सोपा पाच खणी, तमक्याचे माजघर सात खणी, अशी भाषा होती. याचे कारण असे की वाड्याचा खरा भार भिंतीवर नसून लाकडावर असे. खाली दगडी तळखडा, त्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट आणि त्यावर मातीचे माळवद, अशी ही चौकट. सुस्थितीतील वाड्यांत खांब सुरूच्या झाडासारखे घडवीत, खांबाखांबांमध्ये महिरपी घालीत आणि टोकांस केळफुले कोरीत. भिंती हातभर नव्हे, दोन-दोन हात रुंदीच्या. खाली काळा दगड आणि वर पांढऱ्या मातीचे भेंडे किंवा विटा. चुना बैलाच्या घाणीत दळून घेत. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकून ती चोपावी लागे. हे काम एक वर्ष चुकले तर घर गळू लागे, दोन वर्षे चुकले तर कडीपाट कुजू लागे. वाडा म्हणजे एकदा बांधून मोकळे होण्याची वस्तू नव्हे, हे येथेच ध्यानात घ्यावे. पुढील सर्व हकीकतीचे मूळ त्यात आहे.

आत शिरल्यावर ढेलज, मग चौक, चौकाच्या चारी बाजूंस सोपे. ज्या वाड्यास चारी बाजूंनी सोपे तो चौसोपी. दर्शनी सोप्यावर बैठक, तेथे लोड-तक्के आणि हिशेबाच्या पेट्या. आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली. मागे परस, आड आणि गोठा. भिंतीत बळद, जमिनीखाली पेव. धान्य तेथे राही. चौकात तुळशीवृंदावन. दिवसाचा उजेड चौकातून येई आणि आतल्या खोल्यांत झरोक्यातून पडेल तेवढाच. बाहेरच्या सोप्यावर गावाचा निवाडा होत असताना माजघरात लेकी-सुना धुरात स्वयंपाक करीत असत आणि घरातील विधवा बाईचे सारे आयुष्य मागल्या दाराच्या आत संपून जाई. वाड्याचे गुणगान करताना त्या अंधाराचाही उल्लेख केला पाहिजे. तसेच, ज्या हातांनी हा दगड घडवला आणि हे लाकूड तासले, त्या पाथरवट-सुतारांची नावे कोणत्याच गणेशपट्टीवर नाहीत. गावातील कित्येक माणसांना त्या दरवाजाच्या आत पाऊल टाकण्याची मुभाही नव्हती. हाही इतिहासच आहे.

वाडा चालत असे तो वतनावर. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांना गावच्या किंवा परगण्याच्या कामाबद्दल वतन असे. सरदार-मुत्सद्द्यांना इनाम गावे असत. काळ्या जमिनीतून धान्य पांढरीतल्या वाड्यात येई आणि त्यावर माणसे, जनावरे, पाहुणे, आश्रित सर्वांचे पोट भरे. माळवदावर माती टाकणारा गडीही त्यावरच पोसला जाई. सातारा जिल्ह्यात वाईजवळ मेणवली येथे नाना फडणवीसांचा वाडा कृष्णेच्या काठी आहे. एकामागून एक चौक, भिंतींवर चित्रे, खाली नदीचा घाट आणि घाटावर मेणेश्वराचे देऊळ. वसईच्या १७३९ सालच्या मोहिमेतून आलेली मोठी घंटा तेथे टांगलेली आहे. सन २००४ साली आलेल्या 'स्वदेस' या चित्रपटामुळे हे गाव दूरदेशीच्या लोकांनीही पाहिले. दुसरे उदाहरण पुरंदर तालुक्यातील सोनोरीचे. मराठ्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांचा वाडा त्या गावात, आणि त्यांनीच सुमारे १७६० सालापर्यंत बांधून पुरा केलेला मल्हारगड गावाच्या माथ्यावर. हे मोठ्या लोकांचे वाडे झाले. परंतु त्याच घाटाचे, त्याच चौकांचे, मात्र दहा-पंधरा खणांत आटोपलेले वाडे गावोगाव होते, आणि आज 'विकणे आहे' ही पाटी प्रामुख्याने त्यांवर दिसते.

पेशवाई १८१८ साली गेली तरी वाडे लगेच पडले नाहीत. इंग्रज सरकारने १८५२ साली इनाम कमिशन बसवून सनदा तपासल्या. ज्यांची सनद सिद्ध झाली नाही त्यांचे इनाम गेले, बाकीच्यांचे राहिले. खरा बदल झाला तो स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा वर्षांत, आणि तो एकाच बाजूने झाला नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागांतील अनेक गावांत ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली. कित्येक जुने वाडे, आणि त्यांतील दप्तरे, त्या आगीत गेली. शहराकडे गेलेली बरीच कुटुंबे पुन्हा गावी राहावयास आली नाहीत. हे लिहिताना कोणास आनंद होणार नाही, परंतु वगळून पुढे जाणेही बरोबर नाही.

त्याच वर्षी कुळकायदा आला. १ मे १९५१ पासून परगणा व कुलकर्णी वतने नष्ट झाली, पाठोपाठ १९५३ साली जात इनामे गेली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. १ जानेवारी १९६३ पासून वंशपरंपरेची मुलकी पाटीलकीही संपली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या औत धरले त्यांना जमीन मिळाली, हे न्यायाचेच झाले, आणि आज गावोगाव जी सिमेंटची चांगली घरे दिसतात त्यांतील अनेकांचा पाया त्या १ एप्रिलने घातला आहे. मात्र वाड्याच्या बाजूने पाहता त्याचा अर्थ एवढाच, की खंडाचे धान्य यावयाचे थांबले आणि माळवद मात्र पूर्वीइतकेच माती मागत राहिले.

मग मुले शिकली. कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, कोणी नोकरीत, कोणी गिरणीत. वाड्यात प्रथम म्हातारा-म्हातारी राहिली, मग म्हातारी एकटी राहिली, मग कुलूप राहिले. रिकाम्या वाड्यांत काही काळ शाळा भरल्या, कोठे पोस्ट होते, कोठे सोसायटीचे गोदाम. भाडे नाममात्र, पण माणसाचा वावर राहिला म्हणून तेवढे वाडे जास्त टिकले. घराला वाळवीपेक्षा कुलूप लवकर खाते, असे म्हणतात ते खोटे नव्हे.

भूकंपांनीही या घरांची परीक्षा घेतली. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात पाटण तालुक्यातील गावेच्या गावे कोसळली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात, लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, हजारो माणसे गेली. ती मुख्यतः जाड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाचा भार यांखाली गेली. त्या दिवसापासून माळवदाच्या घराविषयी लोकांच्या मनात भीती बसली ती अद्याप गेलेली नाही. मात्र पाहणी करणाऱ्यांस एक गोष्ट आढळली, की जेथे खणांची लाकडी चौकट नीट जोडलेली होती तेथे भिंती ढासळूनही ती चौकट पुष्कळ ठिकाणी उभी राहिली. जुना वाडा घेणाऱ्याने म्हणून रंग पाहू नये. खांब तळखड्यावर नीट बसला आहे काय आणि तुळईची टोके भिंतीत कुजली आहेत काय, हे पहावे. माळवदावरील शंभर वर्षांचा मातीचा थर उतरवून हलके छप्पर करणे हा पहिला खर्च समजावा.

आता सह्यांकडे वळू. समजा, वाड्याच्या मूळ मालकास चार मुलगे होते. प्रत्येकास तीन मुलगे झाले, म्हणजे बारा. त्या बारांना प्रत्येकी दोन मुलगे व दोन मुली झाल्या, म्हणजे अठ्ठेचाळीस. वाडा जर सोळा खणांचा असेल तर ढोबळ हिशेबाने एकेकाच्या वाट्यास एक तृतीयांश खण येतो. एवढ्यात एक बाजसुद्धा नीट मावत नाही! यांपैकी कोणी अमेरिकेत, कोणी नागपुरास, एकाचा पत्ता लागत नाही, दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. वाटणी तोंडी झालेली असते, ती आजोबांच्या काळी. उत्तर सोपा थोरल्याचा, परस धाकट्याचा, आणि चौक, आड व देवघर सर्वांचे मिळून. तोंडी वाटणीत जगणे झाले, पण विकणे होत नाही. स्थावर मिळकत शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची असेल तर विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी लागते, असे मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ सालच्या कायद्यात आहे. शंभर रुपयांत वाडा येण्याचा काळ गेला, तो आकडा मात्र तसाच राहिला आहे.

राहत्या घराविषयी कायद्याने पूर्वीपासून वेगळी दृष्टी ठेवली आहे, हे पुष्कळांस माहीत नसते. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील एखाद्याचा हिस्सा परक्या माणसाने विकत घेतला, तरी त्याला त्या कुटुंबासह घरात येऊन राहण्याचा हक्क मिळत नाही. तो वाटपासाठी कोर्टात गेला, तर १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे कुटुंबातील हिस्सेदार त्याचा हिस्सा योग्य मूल्य देऊन स्वतः घेऊ शकतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातही अशी सोय आहे, की जवळच्या वारसांपैकी एकजण आपला वाटा विकू लागला तर इतरांना तो घेण्याचा पहिला हक्क पोचतो. या तरतुदींचा हेतू घर घरच्यांकडे राहावे हा. परिणाम कधीकधी उलटा झाला. एकट्याचा हिस्सा परका घेत नाही, घरचे भाऊ घेत नाहीत, आणि सर्वांचे मिळून एकमत होत नाही.

सर्वात अधिक चूक होते ती बहिणींच्या बाबतीत. १९५६ च्याच कायद्यात कलम २३ होते. घरात कुटुंबाची माणसे राहत असतील तर पुरुष वारसांनी वाटणी करावयाचे ठरवीपर्यंत स्त्री वारसाला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. मुलगी अविवाहित, विधवा किंवा पतीपासून वेगळी असेल तरच तिला तेथे राहण्याचा हक्क होता. म्हणजे बापाच्या घरात वाटा आहे, पण तो मागता येत नाही, अशी स्थिती. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना जन्मतः हक्क देणारी सुधारणा केली, ती मात्र त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती. ९ सप्टेंबर २००५ पासून संपूर्ण देशासाठी मुलगी मुलाप्रमाणेच हिस्सेदार झाली आणि कलम २३ काढून टाकण्यात आले. वडील त्या तारखेस हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीने किंवा कोर्टाच्या हुकमाने पुरी झालेली वाटणी यामुळे उघडली जात नाही.

इतके होऊनही गावाकडे आजही समज असा, की बहिणीला साडी-चोळी केली आणि 'हक्क सोडला' असे तिने चार माणसांत सांगितले की झाले. तसे होत नाही. हक्कसोडपत्र लेखी आणि नोंदलेले लागते, आणि ते तिने समजून-उमजून केलेले असावे लागते. पुष्कळ व्यवहार दहा-दहा वर्षे पडून राहिले ते बहिणींच्या लोभामुळे नव्हे. त्यांना शेवटच्या दिवशी, तेही निबंधकाच्या ओट्यावर बोलावून अंगठा मागितल्यामुळे ते पडून राहिले. ज्या घरी भावाने आधी जाऊन विचारले, तेथे बहिणीने पैशाऐवजी आईच्या हातचे जाते किंवा देवघरातील एक मूर्ती मागितल्याची उदाहरणे लोकांस ठाऊक आहेत. आणि तिने पूर्ण हिस्सा मागितला तर तोही तिचाच आहे.

कागदांचा दुसरा गुंता गावठाणाचा. शेताचा सात-बारा असतो. गावठाणातील घराचा नसतो. वाड्याचा म्हणून जो उतारा घरात सांभाळून ठेवलेला असतो तो बहुतेक वेळा ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठचा. तो घरपट्टी आकारण्यासाठी आहे. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होते असे नाही. मालकीसाठी मिळकत पत्रिका लागते, आणि ती केवळ जेथे गावठाणाची मोजणी झाली तेथेच मिळे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे ही मोजणी मुख्यतः दोन हजारांवर लोकवस्तीच्या गावांसाठी होती, त्यामुळे लहान गावे राहून गेली. या राहिलेल्या गावांची मोजणी ड्रोनने करण्याचा महाराष्ट्रातील पहिला प्रयोग वर सांगितलेल्या सोनोरी गावीच झाला, हा एक योगच म्हणावयाचा. ज्या गावात तोफखान्याच्या सरदारांनी वाडा बांधला, त्याच गावातील प्रत्येक घराची हद्द आकाशातून टिपली गेली. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने 'स्वामित्व' योजना जाहीर केली आणि हेच काम देशभर सुरू झाले.

ज्यांचे गावी वाडे आहेत त्यांनी येथे सावध असावे. मोजणीच्या वेळी चौकशी होते, हरकतीस मुदत असते, आणि त्या दिवशी जो हजर राहतो त्याचे म्हणणे कागदावर येते. मुंबईस बसून राहिलेल्या हिस्सेदाराचे नाव राहून गेले, तर पुढे अपिलाच्या खेपा त्यालाच घालाव्या लागतात. वाड्याच्या चतुःसीमा, त्यातही सामाईक बोळ, आडाची जागा आणि परसाचे कुंपण, या मोजणीपूर्वी भाऊबंदांनी एकत्र बसून ठरवल्या तर पुढचे निम्मे भांडण वाचते. मयत झालेल्यांची वारस नोंद करून घेणे हे काम तर विक्री करावयाची असो वा नसो, आजच करावे. एक मृत्यू झाल्यावर चार सह्या लागतात. दोन पिढ्या थांबल्यास चाळीस.

हे काही झाले नाही तर काय होते, ते आता पाहू. वाडा संपूर्ण विकला जात नाही, म्हणून तो तुकड्यांनी विकला जातो. जुन्या सागवानाचे व्यापारी गावोगाव फिरत असतात. त्यांना जागा नको असते, इमला हवा असतो. तोही सर्व नव्हे. प्रथम दरवाजा जातो, मग महिरपी, मग नक्षीचे खांब, शेवटी तुळया व कडीपाट. मुंबईच्या चोरबाजारात किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात त्या खांबांचे दिवे, टेबले आणि आरशांच्या चौकटी होतात, किंवा एखाद्या हॉटेलच्या दर्शनी भागात ते जसेच्या तसे उभे राहतात. याचे कारण लाकडाची किंमत एवढेच नाही. उभा वाडा स्थावर असतो. त्याला अठ्ठेचाळीस सह्या, मुद्रांक, नोंदणी, शोध, जाहीर नोटीस हे सर्व लागते. पण खाली उतरवून टेम्पोत घातलेला खांब जंगम होतो आणि त्याला फक्त किल्ली लागते. ज्या हिस्सेदाराकडे किल्ली, त्याच्या हातून वाडा जातो. स्थावर म्हणून जो विकता आला नाही, तो जंगम म्हणून विकला गेला. मागे राहते ते जोते, चार भिंती आणि मधोमध उगवलेला पिंपळ. त्या जागेवर मात्र अजूनही अठ्ठेचाळीस जणांचा हक्क शिल्लक असतो!

कोर्टात जाऊनही पुष्कळदा शेवट विक्रीतच होतो. वाटप सोयीस्कर नसेल आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक हिश्श्याच्या मालकांनी मागणी केली, तर कोर्ट घर विकून पैसे वाटण्याचा हुकूम देऊ शकते. परंतु तोपर्यंत किती पावसाळे गेलेले असतात याचा हिशेब दाव्याच्या खर्चात धरलेला नसतो.

काही ठिकाणी निराळेही झाले. एका भावाने इतरांचे हिस्से योग्य मोबदला देऊन घेतले आणि निवृत्तीनंतर तो वाड्यात येऊन राहिला. कोठे सर्वांनी मिळून दर्शनी सोपा दुरुस्त केला आणि मागचा पडका भाग कायद्याने वाटून घेतला. महाराष्ट्र शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले, तेव्हापासून ज्यांच्याजवळ शेतीही आहे त्यांपैकी काहींनी अशा घरात पाहुण्यांची सोय केली. या कामात उत्पन्न लगेच दिसत नाही आणि शौचालय, पाणी, वीज यांवर आधी बरेच ओतावे लागते, हे सांगितलेले बरे. शहरातील एखादे कुटुंब हौसेने वाडा घेते, असेही घडते. गावाने त्यांना परके मानू नये. माळवद शाबूत ठेवणारा परका हा खांब विकणाऱ्या घरच्यापेक्षा गावाच्या अधिक उपयोगाचा.

वाडा कोणीही घेवो, एक वस्तू मात्र व्यवहारात धरलेली नसते आणि तीच प्रथम नाहीशी होते. माजघरावरच्या माळ्यावर किंवा देवघराशेजारच्या कोनाड्यात लाल फडक्यात बांधलेली कागदांची रुमाले असतात. अक्षर मोडी, त्यामुळे आज घरात कोणास वाचता येत नाही. रद्दीत द्यावे तर रद्दीवालाही जुना म्हणून कमी भाव देतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे अशाच रुमालांसाठी गावोगाव, वाड्यावाड्यांतून हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो वाईस सापडलेल्या कागदांच्या आधारे. पानिपताच्या काळातील पत्रे त्यातून जगापुढे आली. मेणवलीच्या वाड्यातील कागद तर 'मेणवली दप्तर' या नावानेच अभ्यासकांस परिचित आहेत. सगळ्याच रुमालांत पानिपत सापडेल असे नाही. बहुतेकांत असते ते आडाच्या पाण्याचा तंटा, बैलाची खरेदी, दुष्काळात काढलेले कर्ज, देवळाच्या दिवाबत्तीचे तेल, आणि कोणत्या साली कोणी किती पायली धान्य दिले त्याची नोंद. म्हणजे गावाचा इतिहास. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालापासून आहे, तेथे असे कागद पाहिले व जपले जातात. विक्रीच्या बैठकीत कोणीतरी एवढे म्हणावे, की खांबाला हात लावण्यापूर्वी माळ्यावरचे रुमाल खाली काढा.

या सगळ्या बोलण्यास वर्षातून एकच दिवस सोयीचा असतो, तो म्हणजे जत्रेचा. अठ्ठेचाळीस हिस्सेदार एरवी एका गावात कधीच नसतात. जत्रेस पुण्या-मुंबईचे येतात, लग्न होऊन गेलेल्या लेकी येतात, नातवंडे येतात. देवळाच्या पावतीवर सर्व भावांचे नाव एकत्र लावावयास कोणाची हरकत नसते. त्याच बैठकीत, जेवणे झाल्यावर, वारस नोंदीच्या अर्जावरही त्या सह्या होऊ शकतात. अनेक गावांतून पालखी अजूनही वाड्याच्या दारी थांबते. मान त्या घराचा असतो, म्हणून त्या दिवशी मोठा दरवाजा उघडावा लागतो. दिंडीचे कुलूप काढतात, अडसर सरकवतात, वर्षाची धूळ झाडतात, चौकात सडा घालतात. पालखी उंबऱ्याशी टेकते, घरातील थोरली सून पायांवर पाणी घालते, नारळ वाढवला जातो आणि पालखी पुढच्या आळीला निघते. दरवाजा मग संध्याकाळपर्यंत उघडाच असतो आणि चौकात सगळे बसलेले असतात.